‘स्पाय हंटर’च्या नावाखाली माथी मारलेली कॅसेट

सांगली-साताऱ्याकडं जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट शोधणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ‘ओरिजिनल स्पाय हंटर’ म्हणून माझ्याकडून साडेतीन हजार रुपये घेतले गेले, आणि घेणाऱ्याचा धंदा अजून चालू आहे.

स्पाय हंटर हा बॅली मिडवे कंपनीचा १९८३ चा आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा. रस्ता वरून दिसतो, गाडी भरधाव जाते, पण ही नुसती शर्यत नाही. पुढं मशीनगन, मागं सोडायला तेल आणि धूर. हत्यारांचा ट्रक आला की मागून त्याच्यात गाडी चढवायची आणि नवं हत्यार घेऊन बाहेर पडायचं. साध्या माणसाची गाडी उडवली तर काही वेळ गुण मिळायचे थांबतात, त्यामुळं नेम सांभाळून मारावं लागतं. पुढं गाडीची बोट होते. माझ्या थोरल्या भावाचा हा जीव की प्राण. निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी सनसॉफ्ट कंपनीनं तो १९८७ मध्ये आणला, तीच कॅसेट त्याला द्यायची होती.

विकणारा म्हणाला, मी साताऱ्याचा, पोवई नाक्याजवळ राहतो. “दादा, मामांनी दुबईहून आणलेली, घरात पडून आहे.” फोटो पाठवले, गेम चालू असलेला व्हिडिओही पाठवला. त्या व्हिडिओत फक्त टीव्हीचा पडदा होता. कॅसेट नाही, कन्सोल नाही. असा व्हिडिओ कुठल्याही मोबाइलवरच्या एम्युलेटरवरून, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या ॲपवरून, काढता येतो. सगळी फसवणूक इथंच आहे. पैसे आधी घेतले, पार्सल विश्रामबागला घरपोच आलं.

लेबल स्पाय हंटरचं. लावल्यावर सुरू झाला ‘रोड फायटर’! आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये सगळ्यांनी खेळलेला, कोनामीचा. त्यात गोळी झाडताच येत नाही, नुसतं पेट्रोल सांभाळत गाड्या चुकवायच्या. फोन केला तर म्हणतो, “गाडीचाच गेम आहे की!”

कॅसेट नीट पाहिली. एनईएसच्या अस्सल कॅसेटला बहुतेक वेळा खास स्क्रू असतात, ३.८ मिमीच्या वेगळ्या बिटशिवाय ते निघत नाहीत. इथं घरातल्या साध्या फुलीच्या पान्यानं खोलली गेली. आत वेगवेगळ्या चिप असायला हव्यात, त्याऐवजी बोर्डावर काळ्या डांबरासारखा एकच गोळा. पैसे देण्याआधी उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागा. अस्सल माल असलेला माणूस तो आनंदानं पाठवतो.

यापुढचा डाव जास्त वाईट. मी तक्रारीची भाषा काढल्यावर तो एकदम मऊ झाला. “पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा.” स्कॅन केल्यावर पिन मागितला, तिथंच थांबलो. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. भाऊ शेजारी होता, त्यानं लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर व्यवहार क्रमांकासह तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

तेच फोटो आता दुसऱ्या नावानं, कोल्हापूरचा पत्ता टाकून फिरताहेत, किंमत पाचशेनं कमी. लेबलच्या डाव्या कोपऱ्यात तिरका ओरखडा आहे. तो दिसला तर एक रुपयाही पाठवू नका.