शनिवारचा लेखन गट, नाशिक – आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने जातेय म्हणून आता लिहिते. नाव-पत्ता इथे टाकत नाहीये, काही जणींच्या घरचे त्यांना शोधत असतात म्हणून गट चालवणाऱ्या ताईंनीच तसं सांगितलंय, आधी फोनवर बोलून घेतात मग जागा सांगतात. सीबीएस बसस्टँडपासून चालत जाता येतं एवढं सांगते. फी नाही, वही-पेनपण तेच देतात.

घरात मारहाण, अत्याचार असं काही सोसलेल्या बायकांसाठी हा गट आहे. मला वाटलेलं कविता-बिविता करायला लावतील, आणि कुसुमाग्रजांच्या गावात कविता वाचायची म्हटलं की माझे हातपाय गार. तसं काहीच नाही. पंधरा मिनिटं लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही. पहिल्या शनिवारी मी फक्त भाजीची यादी लिहिली, मेथी, गवार, अर्धा किलो टोमॅटो. ताई म्हणाल्या असू दे, वर तारीख टाका. चौथ्या शनिवारी बेडरूमच्या कडीबद्दल लिहिलं, ती बाहेरून लागायची आणि लागताना कसा आवाज यायचा ते, दोन पानं कधी भरली कळलंच नाही, शेजारच्या मावशींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे सरकवली. वह्या तिथल्याच कपाटात कुलपात राहतात. हे मला फार पटलं, घरी वही ठेवली की ती कुणाच्या तरी हाती लागतेच.

पंधरा मिनिटंच का, हे विचारलं तर कळलं की अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ सालचा अभ्यास आहे, कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या घटनेवर लिहायला लावलेलं. लिहिल्या लिहिल्या मुलांना उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हणून इथे लिहून झालं की लगेच कुणाला जाऊ देत नाहीत, चहा होतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात.

पण पाच स्टार देतेय ते तक्रारीच्या अर्जासाठी. मी आधी एकदा पोलिसांकडे गेलेले तर घरातलं घरात मिटवा म्हणून परत पाठवलं, आणि मलाही तेव्हा सलग सांगता येत नव्हतं, सगळं एकदम तोंडाशी यायचं आणि रडू फुटायचं. इथे एका ताईंनी माझ्याच वहीतून मला शोधायला लावलं, कुठल्या महिन्यात झालं, कोण हजर होतं, दवाखान्याचा कागद आहे का. वहीत कसं वाटलं ते, अर्जात काय घडलं ते, असं त्या म्हणतात. दीड पानाचा अर्ज झाला, एक वाक्यही त्यांनी स्वतःचं घातलं नाही. मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे सोबत आल्या, शेजारी बसल्या, पण बोलायला मलाच लावलं. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, आणि कायदा १९८७ चा आहे म्हणे! मला चाळिशी आली तरी कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी खटकल्या. एकदा बाहेरून पाहुणे कवी आलेले, त्यांनी एका मुलीचं लिखाण सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, ती नंतर तीन आठवडे आली नाही. त्यांना आधी नीट सांगायला हवं होतं. आणि समुपदेशक महिन्यातून एकदाच येतात, ते फार कमी पडतं, लिहिता लिहिता कुणी थरथरायला लागलं तर नुसता चहा पुरत नाही. अशा वेळी ताई टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून देतात, तो फुकट आहे.

वेळ शनिवारी ३ ते ५. अंबडच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायकांना हे जमतच नाही, माझ्या ओळखीच्या दोघी त्यामुळेच अडल्यात. रविवारचं विचारलंय मी, अजून काही ठरलं नाही.