जुना सिक्वेन्सर घेताय? क्यूवाय ७० की एमपीसी २००० एक्सएल

सिक्वेन्सर म्हणजे गाण्याचे सूर आणि ठेके साठवून आपोआप वाजवणारं यंत्र. लाईट गेली की त्याचं काय होतं, हे मी सगळ्यात आधी बघतो. खानापूर भागात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि आपले निम्मे कार्यक्रम गणपतीतच असतात.

यामाहाचा क्यूवाय ७० हा १९९७ सालचा. व्हिडिओ कॅसेटएवढा आकार, सहा पेन्सिल सेलवर चालतो, गाणी आतल्या मेमरीत राहतात. आकाईच्या एमपीसी २००० एक्सएलला मात्र सलग वीज लागते. बंद पडला की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं. निपाणीत एका मंडळाच्या कार्यक्रमात जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं, तेवढ्यात माझी बारा गाणी गेली, मराठी आणि कन्नड दोन्ही. फ्लॉपीवर होती ती आदल्या आठवड्याची. तेव्हापासून कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस सोबत असल्याशिवाय मी एमपीसी स्टेजवर नेत नाही.

मग एमपीसी घ्यायचाच कशाला? आवाजासाठी. क्यूवायमध्ये शेकडो तयार आवाज आहेत, सतार आणि सनईसुद्धा. पण हलगी, संबळ, चौंडकं कुठून आणणार? सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी चौंडक्याशिवाय कानाला लागत नाहीत. एमपीसीत आपल्या माणसानं वाजवलेलं चौंडकं रेकॉर्ड करता येतं आणि सोळा पॅडवर बोटांनी वाजवता येतं. मूळ २ एमबी मेमरीत जेमतेम वीस-बावीस सेकंदांचा मोनो आवाज बसतो, ३२ एमबीपर्यंत वाढवली की सहा मिनिटांच्या आसपास. म्हणून विकणाऱ्याला मेमरी किती आहे ते आधी विचारा.

एमपीसीचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे फ्लॉपी. एका फ्लॉपीवर १.४४ एमबी, म्हणजे भरलेल्या ३२ एमबी मेमरीसाठी बावीस-तेवीस फ्लॉप्या, आणि आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते. फ्लॉपी ड्राइव्ह काढून गोटेक नावाचं उपकरण बसवलं की पेनड्राइव्हवर अनेक फ्लॉप्यांइतकं काम राहतं. हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरा.

बाकी दुरुस्ती म्हणाल तर दाबून सैल झालेली छोटी बटणं टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा मेस्त्री बदलून देतो, सोल्डरिंगचंच काम आहे. एकदा दाबला की दोनदा वाजणारा पॅड मात्र जपून घ्या, आतला सेन्सर झिजलेला असू शकतो. स्क्रीन अंधुक असेल तर मागचा प्रकाशाचा पापुद्रा दमलेला असतो. तो नवा मागवता येतो, पण बेळगावात दुकानात जाऊन मिळेल या आशेवर राहू नका.

क्यूवायमध्ये बिघडण्यासारखं कमी आहे. सेलची पेटी उघडून स्प्रिंगा बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. थोडी असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसानं पुसून, नीट वाळवून काम भागतं. सर्किटपर्यंत पोचली असेल तर तो सोडून द्या. सेल काढून ठेवायची सवयही लावा.

एका गोष्टीची मात्र कळकळीनं आठवण करतो. जपानमधून आलेला एमपीसी बहुधा १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३०. मागच्या पट्टीवर आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १०० असेल तर २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच. क्यूवायला हा त्रास कमी, त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर इथलाच घेता येतो, फक्त टोकाची ध्रुवता, म्हणजे प्लस-मायनस कुठे आहे ते तपासून.

स्वस्तात अलेसिसचा एमएमटी-८ कुणी दाखवला तर तो आठ ट्रॅकचा साधा सिक्वेन्सर आहे, स्वतःचा आवाज नाही, रबरी बटणं झिजलेली असतात आणि अडॅप्टर ९ व्होल्ट एसी लागतो, नेहमीचा डीसी चालत नाही. कीबोर्ड आधीच चांगला असेल तरच विचार करा.

भजनी मंडळ किंवा लग्नातल्या गाण्यांसाठी मी क्यूवाय सुचवेन. आपला ठेका आपल्याच वाद्यांवर उभा करायचा असेल, तर एमपीसी. पैसे देण्याआधी कीबोर्ड आणि दोन मिडी केबल (वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या) घेऊन जा आणि मिडी इन, मिडी आउट दोन्ही वाजवून बघा. मिडी इन मुका असेल आणि केबल शाबूत असेल, तर अनेकदा ऑप्टोकपलर नावाची छोटी आयसी गेलेली असते. ती स्वस्त असते आणि चांगल्या मेस्त्रीच्या हातचं काम आहे, तेव्हा तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव मात्र कमी करून घ्या.