अवटू मंदावली आहे का? थर्मामीटर, पट्टी आणि घरी येऊन घेतलेले रक्त

वजन वाढते आहे, पुरेशी झोप होऊनही थकवा जात नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही आणि इतरांना उकडत असताना आपल्याला पंखा नकोसा वाटतो, अशा तक्रारी एकत्र जमू लागल्या की घरातले कोणीतरी ‘एकदा थायरॉइड बघून घे’ असे म्हणतेच. हा सल्ला अनाठायी नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के व्यक्तींची अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथी मंद आढळली होती. प्रश्न उरतो तो कसे बघायचे याचा. घरबसल्या तीन मार्ग सांगितले जातात : काखेत लावायचा थर्मामीटर, बोट टोचून वापरायची पट्टी आणि घरी माणूस पाठवून नसेतून रक्त नेणारी प्रयोगशाळा. तिघांनाही ‘घरची तपासणी’ म्हटले जात असले, तरी पहिला मार्ग अवटूकडे बघतच नाही, दुसरा एकाच प्रश्नाला हो किंवा नाही म्हणतो आणि आकडा मिळतो तो केवळ तिसऱ्यातून.

थर्मामीटरची पद्धत आज भाबडी वाटली, तरी तिच्या काळात ती तशी नव्हती. ब्रोडा बार्न्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९४२ साली ती मांडली, तेव्हा रक्तातील टीएसएच, म्हणजे अवटूला कामाला लावणारे संप्रेरक, मोजण्याची सोयच नव्हती. रुग्णाला निश्चल झोपवून श्वासावाटे किती प्राणवायू खर्च होतो ते मोजायचे आणि त्यावरून चयापचयाचा वेग ठरवायचा, हा त्या वेळचा रिवाज होता. त्या मानाने सकाळी जाग येताच, अंथरुणातून न उठता, पाऱ्याचा थर्मामीटर दहा मिनिटे काखेत धरणे कितीतरी सोपे होते. तापमान ९७.८ ते ९८.२ अंश फॅरनहाइटच्या खाली सतत राहिले, तर अवटू मंद असावी असा त्यांचा निष्कर्ष होता. अडचण अशी की काखेतले तापमान तोंडातल्या तापमानापेक्षा मुळातच कमी भरते, त्यामुळे ठणठणीत माणसेही या रेषेखाली सहज येतात. रात्रभर चाललेला पंखा आणि थर्मामीटर नीट न टेकणे या गोष्टीही पारा खाली ओढतात. स्त्रियांमध्ये बीजमोचनानंतर तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइट वाढते, ते वेगळेच. १९६०च्या दशकात टीएसएच रक्तात मोजता येऊ लागले आणि ही पद्धत वापरण्याचे कारण संपले. ती फुकट आहे आणि निरुपद्रवी आहे. मात्र तिच्या भरवशावर कोणी गोळी सुरू केली किंवा रक्ततपासणी टाळली, की ती निरुपद्रवी राहत नाही. त्वचेवर आयोडीनचा ठिपका लावून तो किती वेळात पुसट होतो हे पाहण्याच्या प्रयोगाला तर एवढाही आधार नाही.

आरशासमोर मान किंचित मागे करून, पाण्याचा घोट गिळताना कंठमण्याच्या खाली फुगवटा वर सरकतो का, हे पाहणे मात्र जरूर करावे. त्यातून गाठ किंवा गलगंड लक्षात येऊ शकतो. ग्रंथी मंद आहे की नाही हे त्यातून कळत नाही, कारण मोठी दिसणारी ग्रंथी नीट काम करत असू शकते आणि मंदावलेली ग्रंथी आकाराने अगदी लहान असू शकते.

पट्टीचा मोह अधिक असतो, कारण ती गर्भधारणेच्या पट्टीसारखी दिसते आणि काही मिनिटांत उत्तर देते. ती शोधते ते टीएसएच, म्हणजे खरे तर अवटूचे नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. अवटूचे काम कमी पडू लागले की पीयूषिका आपला तगादा वाढवते, म्हणून या आजारात टीएसएचचा आकडा वर जातो. अशा पट्ट्यांत सहसा ही पातळी ५ च्या आसपास किंवा वर गेली, तरच दुसरी रेघ उमटते. म्हणजे ५.५ आणि ५० यांत पट्टीला भेद दिसत नाही, प्रत्यक्षात मात्र उपचाराचा निर्णय त्याच भेदावर अवलंबून असतो. रक्त येत नाही म्हणून बोट दाबून पिळले, तर त्यात ऊतींतला द्रव मिसळतो. पुसट रेघेचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न तर घरोघरी पडतोच.

याहून गंभीर मर्यादा वेगळी आहे. पीयूषिकाच दुखावली असेल, तर तगादा वाढतच नाही आणि अवटू मंद असूनही टीएसएच सर्वसामान्य किंवा कमी दिसते. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाल्यानंतर ज्यांना दूध आले नाही किंवा पाळी परतली नाही, त्यांच्या बाबतीत ही शंका घ्यावीच लागते. घोणस चावल्यानंतरही असे घडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. अशा व्यक्तीला पट्टीचे ‘नाही’ हे खोटे समाधान ठरते. एकूण हिशेब असा, की पट्टीने होकार दिला तरी प्रयोगशाळेत जायचेच आहे आणि नकार दिला तरी तक्रारी राहिल्यास जायचेच आहे; मग पट्टीचे पैसे कशासाठी, हे मला अजून पटलेले नाही.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या प्रयोगशाळेत सुईचा धसका आणि काही शे रुपयांचा खर्च आहे, पण टीएसएच आणि मुक्त टी-४ (अवटूचे स्वतःचे संप्रेरक) यांचे आकडे मिळतात, आणि त्याच वेळी घेतलेल्या रक्तावर रक्तक्षय, बी-१२ किंवा साखरही पाहता येते. थकव्याचे कारण बऱ्याचदा तिथेच सापडते. प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताप्राप्त आहे का, एवढे विचारून घ्यावे. टीएसएचसाठी उपाशीपोटी असण्याची खरे तर सक्ती नाही. मात्र हे संप्रेरक रात्री उशिरा आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असते, म्हणून दर वेळी रक्त साधारण एकाच वेळी द्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर निदान दोन दिवस आधी, मात्रा मोठी असल्यास डॉक्टरांना विचारून त्याहूनही आधी, त्या थांबवाव्यात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी दिसते. ताप किंवा मोठ्या आजारपणातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नये.

थायरॉक्सिनची, म्हणजे अवटूचे कमी पडलेले संप्रेरक भरून काढणारी, गोळी आधीपासून चालू असलेल्यांनी पट्टीचा विचारच करू नये. त्यांना मात्रा ठरवण्यासाठी आकडा लागतो, तोही मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. गर्भवतींसाठी आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्यांसाठी टीएसएचची मर्यादा खाली असल्याने ५ वर बेतलेली पट्टी त्यांना चुकीचा दिलासा देईल. त्यांनी थेट डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त द्यावे. नवजात बाळाच्या टाचेतून घ्यायचे रक्त हे रुग्णालयाचेच काम आहे, कारण तिथला उशीर बुद्धीच्या वाढीला कायमचा भोवतो. वयस्क व्यक्ती अंगाने गार पडली असेल, गुंगीत असेल आणि नाडी मंद असेल, तर कोणत्याही तपासणीसाठी घरी थांबू नये.

उरलेल्यांनी, म्हणजे तक्रारी आहेत पण घाई नाही अशांनी, घरी माणूस बोलावून टीएसएच आणि मुक्त टी-४ करून घ्यावे. अहवालात टीएसएच १० च्या आत किंचित वाढलेले आणि टी-४ नीट असेल, तर त्या एकाच कागदावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. गर्भवतींचा अपवाद सोडता, दोन-तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच सुमारास पुन्हा रक्त द्यावे, कारण अशा कित्येकांचा आकडा औषधाशिवायच जागेवर येतो.