पिल्लाचा खाऊ पाकिटातला की घरचा, आणि सांध्यांच्या गोळ्यांचं काय

भुऱ्या घरी आला तेव्हा पन्नास दिवसांचा होता, लॅब्रॅडॉर, आणि पहिल्याच रविवारी मी दुकानात जाऊन समोरचा माणूस जे जे म्हणेल ते उचलून आणलं. चिकन स्टिक, चामड्याचं हाड, छुरपी (दुधाचं वाळवलेलं कडक चीज), कॅल्शियमचं सिरप, वर सांध्यांच्या गोळ्या. आता तो दीड वर्षाचा आहे आणि यातलं फक्त छुरपीच घरात टिकलीय. तुमचं पिल्लू या आठवड्यात येणार असेल तर माझा अनुभव बघा, पटलं तर घ्या.

चामड्याच्या हाडाचा विषय लवकर संपवतो. ते ओलं झालं की टोकाला मऊ चिकट गोळा होतो, तो सुटतो आणि पिल्लू न चावता गिळायला बघतं. आमच्याकडे एकदा तोंडात बोटं घालून बाहेर काढावा लागला, त्यानंतर आणलं नाही. छुरपी त्यापेक्षा कितीतरी बरी, दुधाचीच असते, वास नाही, सोफ्यावर डाग नाही, आणि शेवटचा गिळण्याएवढा तुकडा उरला की मायक्रोवेव्हमध्ये फुगवून गार करून देता येतो. पण दगडासारखी कडक. अंगठ्याचं नख रुतत नाही ते चघळायला द्यायचं नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत, म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत, ती कपाटातच होती. आताही कधीतरीच देतो आणि समोर बसून. तोवर चघळायला फ्रीजरमधलं गाजर, दात शिवशिवत असताना ते त्याला जास्तच आवडायचं.

खरी तुलना चिकन स्टिक आणि घरचं उकडलेलं चिकन यांच्यात. स्टिक वाईट नसतात, चांगल्या कंपनीच्या असतील तर पिल्लू त्यांच्यासाठी उड्या मारतं, आणि प्रवासाला तर सोयीच्या. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवर, त्या तुटत नाहीत! सू-शी शिकवताना पिल्लाने खाली जाऊन काम केलं की दोन सेकंदांत तोंडात काहीतरी पडायला हवं, नाहीतर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही, आणि मी पहाटे साडेपाचला लुंगीवर सोसायटीच्या झाडाखाली उभा राहून ती स्टिक पिळतोय, ओढतोय, एकदा तर दाताने तोडली, तोवर भुऱ्या वॉचमनच्या चपलेकडे गेलेला आणि शेवटी खाऊ मिळाला तो चप्पल सोडल्याबद्दल. आधीच कात्रीने तुकडे करून ठेवायचे, हेही केलं. आठवड्यात खडे झाले, आणि पावसाळ्यात त्याच डब्यात बुरशी.

उकडलेलं चिकन, हाड काढलेलं, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण काही नाही, वाटाण्याएवढे तुकडे, चपट्या डब्यात पसरून फ्रीजरमध्ये, रोज मूठभर बाहेर काढायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. त्रास आहेच, खिशाला वास येतो, आणि आमच्या आईला गुरुवारी आणि अख्खा श्रावण फ्रीजमध्ये चिकन चालत नाही. त्या दिवसांत पनीरचे बारीक तुकडे किंवा साधे चुरमुरे. चुरमुरे खिशात सुके राहतात, पण भडंग नको. कुठलाही खाऊ असो, दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, लॅब तर तुम्हाला फसवायला बसलेलाच असतो. आणि पाहुण्यांवर लक्ष ठेवा, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे प्रेमाने भरवणारे काका आमच्याकडेही आहेत, आणि द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

आता सांधे. लॅब म्हटलं की हिप डिस्प्लेशियाची, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याची, भीती घालून कॅल्शियमची बाटली हातात देतात, मीही घेतली. डॉक्टरांनी ती बघून बाजूला ठेवली. पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं अडवता येत नाही, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये त्यानेच हाडांची वाढ बिघडते. घरचं जेवण देत असाल तर हिशोब वेगळा, तो डॉक्टरांकडून करून घ्या. ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे त्या सांध्यांच्या गोळ्यांनी नुकसान झालं असं नाही म्हणणार, तीन महिने दिल्या, फरक काय पडला ते मला दिसलं नाही, निरोगी पिल्लात दिसणार तरी काय. फिश ऑइलबद्दल माझं मत त्यातल्या त्यात बरं आहे, सांधेदुखीत त्याचा थोडा उपयोग होतो, पण ते दुखणाऱ्या कुत्र्यासाठी.

त्यापेक्षा मला पटलं ते वजन. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर जन्मभर बघितले होते, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आणि कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले, सांधेही उशिरा दुखायला लागले. म्हणून भुऱ्याच्या बरगड्या हाताला लागतात का ते मी रविवारी चाचपतो, शेजारी हडकुळा म्हणतात, म्हणू देत.

आणि गोळ्यांचे पैसे वाचले त्यातून हॉलमध्ये रबरी मॅट टाकल्या, कारण व्हिट्रिफाइड टाइल्सवर त्याचे मागचे पाय दोन दिशांना जायचे. एका मॅटचा कोपरा त्याने खाल्लाय, तेवढं सोडलं तर चाललंय.