मेडिकेअरवर व्रायलार: हप्ता योजनेचे चौदा महिने

नोव्हेंबर 2024 मध्ये इथे न्यू जर्सीत, आमच्या नेहमीच्या फार्मसीच्या काउंटरवर आकडा ऐकला: 759 डॉलर. व्रायलारच्या तीस कॅप्सूलचे. महिन्याभरापूर्वी तीच बाटली आम्ही किरकोळ पैशांत घरी नेली होती. मी कार्ड काढलं, तर हे म्हणाले, "राहू दे, नंतर येऊ." मी ऐकलं नाही, पैसे भरले. पण त्या आकड्याने पुढे काय केलं ते मला दीड महिन्याने कळलं, आणि म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

ह्यांना बायपोलर आहे, म्हणजे मनःस्थिती दोन टोकांना जाणारा आजार. निदानाला बावीस वर्षं झाली. लिथियम झालं, लॅमोट्रिजिन झालं, आणखीही बरंच झालं. व्रायलार, म्हणजे कॅरिप्राझीन, सुरू झाल्यावर घरात सलग शांतता आली. ऑक्टोबर अखेर हे निवृत्त झाले, कंपनीचा विमा संपला आणि आम्ही मेडिकेअरवर, म्हणजे इथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर, आलो. औषधांसाठी पार्ट डीची, म्हणजे मेडिकेअरच्या औषधांच्या भागाची, विमा योजना घेतली. नोकरीचा विमा असताना औषध बनवणाऱ्या कंपनीचं सवलत कार्ड चालायचं. मेडिकेअरवर ते चालत नाही, कारण सरकारी विम्यातल्या रुग्णाला उत्पादकाने अशी सूट देणं लाचखोरीविरोधी कायद्यात अडकतं. हे आम्हाला निवृत्तीच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यावर हे पहाटे तीनला उठून गॅरेज आवरताना दिसले. मी जाऊन बाटली पाहिली. नवी घ्यायची तारीख उलटून गेली होती आणि आत अजून बारा कॅप्सूल होत्या. "एका कॅप्सूलला पंचवीस डॉलर पडतात गं," एवढंच म्हणाले. एक दिवसाआड घेत होते. ह्या औषधाचा अंश शरीरातून फार हळू जातो, म्हणून डोस चुकल्याचं लगेच दिसत नाही. आठवडे जातात, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या आजारात स्वतःबद्दलची अपराधी भावना आधीच छातीवर बसलेली असते, त्यात औषधाची किंमत रोज डोळ्यांसमोर येणं हेच एक दुखणं होऊन बसतं. हे मी कुठल्याही हिशेबाच्या आधी मांडते.

डॉक्टर रागावले नाहीत. "खर्चामुळे का?" असं त्यांनी थेट विचारलं आणि आम्हाला शिपकडे पाठवलं. शिप म्हणजे मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देणारी सेवा. ती प्रत्येक राज्यात आहे, आणि सल्लागार कुठलीही पॉलिसी विकत नाहीत. तिथल्या बाईंनी कागदावर दोन गोष्टी लिहून दिल्या. त्या दोन गोष्टींवर आमचं 2025 चं अख्खं वर्ष उभं राहिलं.

पहिली गोष्ट मर्यादेची. 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमुळे 2025 पासून पार्ट डीमध्ये रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला वर्षाला 2,000 डॉलरची मर्यादा आली. त्यापुढे योजनेच्या यादीतल्या औषधांना शून्य. 2026 साठी ही रक्कम 2,100 आहे. दुसरी गोष्ट मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन, म्हणजेच हप्ता योजना. तीही जानेवारी 2025 पासूनच आली. ह्यात काउंटरवर काही भरायचं नाही. औषध घ्यायचं, आणि विमा योजना दरमहा घरी बिल पाठवते. व्याज नाही, शुल्क नाही. पण ती आपोआप लागू होत नाही. आपल्या योजनेला फोन करून "मला ह्यात घ्या" असं म्हणावं लागतं.

आता प्रत्यक्ष आकडे सांगते, कारण मला हवे होते तेव्हा कुठे मिळाले नव्हते. आमच्या योजनेत महिन्याची किंमत साधारण 1,400 डॉलर. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपणच भरायची रक्कम, 590, त्यानंतर आमचा वाटा पंचवीस टक्के. हप्ता योजना नसती तर जानेवारीत काउंटरवर 793 भरावे लागले असते, फेब्रुवारी, मार्च, एप्रिलला 350 प्रत्येकी, मे महिन्यात उरलेले 157, आणि जूनपासून शून्य. म्हणजे वर्षाचा सगळा भार पहिल्या पाच महिन्यांवर. हप्ता योजनेत आम्हाला जानेवारीचं बिल 167 आलं, म्हणजे 2,000 भागिले बारा. फेब्रुवारीचं आलं 89. मी आनंदले. मार्चला 124, एप्रिलला 163, मेला 182, आणि मग डिसेंबरपर्यंत दर महिन्याला 182.

हे वर-खाली पाहून मला वाटलं योजनेने काहीतरी घोळ घातला. घोळ नव्हता. पहिला महिना सोडला तर दर वेळी मागची बाकी आणि त्या महिन्याचा नवा खर्च एकत्र करून वर्षाच्या उरलेल्या महिन्यांनी भागतात. वर्षाच्या सुरुवातीला खर्च साचत जातो आणि भागायला महिने कमी उरतात, म्हणून बिल चढतं. मर्यादा गाठली की ते स्थिर होतं. वहीत एकदा मांडून पाहिल्यावर जीव शांत झाला. फेब्रुवारीचा छोटा आकडा पाहून कुणी उरलेले पैसे दुसरीकडे खर्चू नयेत, पुढे 182 येणारच असतात.

एकूण रक्कम ह्या हप्त्यांनी एका डॉलरनेही कमी होत नाही. कमी झाली ती मर्यादेमुळे. पण माझ्या मते आमच्या घरासाठी हप्त्यांचंच मोल जास्त ठरलं. काउंटरवर आता आकडा उच्चारलाच जात नाही. हे स्वतः जाऊन बाटली आणतात, काउंटरवरची मुलगी सही घेते, झालं. दर रविवारी रात्री आठवड्याची डबी स्वतः भरतात. मार्चपर्यंत मी गुपचूप कॅप्सूल मोजत होते. आता मोजत नाही.

त्रास झाला नाही असं नाही. डिसेंबरअखेर फोनवर नाव नोंदवलं, तरी जानेवारीच्या पहिल्या खेपेला काउंटरवर पूर्ण रक्कमच आली. काउंटरवरचे लोक तिथल्या तिथे काही करू शकत नाहीत, नोंदणी फक्त विमा योजना करते. नवं वर्ष लागायच्या आधी अर्ज केला तर योजनेला दहा दिवस असतात, वर्ष सुरू झाल्यावर केला तर चोवीस तास. आम्ही बाटली न घेता परतलो आणि दुसऱ्या दिवशी काम झालं. घरात चार कॅप्सूल शिल्लक होत्या म्हणून निभावलं. तुम्ही नोव्हेंबरातच फोन करा.

त्याच महिन्यात योजनेने "आधी स्वस्तातलं दुसरं औषध वापरून पाहा" असंही कळवलं. माझे हातपाय गार पडले. इथे एक गोष्ट ठाऊक असायला हवी: अँटिसायकोटिक, अँटिडिप्रेसंट आणि फिटविरोधी औषधं पार्ट डीच्या सहा संरक्षित गटांत मोडतात. त्या गटांतली जवळजवळ सगळी औषधं योजनेला यादीत ठेवावीच लागतात, आणि जो रुग्ण आधीपासून एखाद्या औषधावर स्थिरावला आहे त्याला अशा अटी घालून दुसरीकडे वळवता येत नाही. डॉक्टरांच्या कचेरीने तातडीचा अर्ज केला. तातडीच्या अर्जाला चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते मिळालं, आमच्या बाजूने. नव्या योजनेत पहिल्या नव्वद दिवसांत एक महिन्याचं औषध तात्पुरतं मिळण्याचीही सोय असते. तेव्हा काउंटरवर "मंजूर नाही" ऐकलं की रिकाम्या हाताने निघू नका, तात्पुरत्या पुरवठ्याबद्दल विचारा.

पुण्याहून नणंद सारखी म्हणते, इथे भारतीय कंपन्यांचं कॅरिप्राझीन मिळतं, येताना सहा महिन्यांचं आणते. तिची माया मला कळते. पण परदेशातून असं औषध आणणं इथल्या नियमात बसत नाही, आणि एखादी खेप अडकली तर मधल्या खंडाची किंमत आमच्याच घराला मोजावी लागेल. मी नाही म्हटलं. ज्यांना नाइलाज आहे त्यांना मी दोष देणार नाही.

हप्ता योजना सगळ्यांच्या कामाची नाही. ज्यांचं औषध जेनेरिक आहे आणि महिन्याला दहा-वीस डॉलर लागतात त्यांना काही उपयोग नाही. वर्ष संपत आल्यावर शिरलात तर भागायला महिनेच उरत नाहीत. उत्पन्न कमी असेल तर आधी एक्स्ट्रा हेल्पचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या पार्ट डीमधल्या मदतीचा, अर्ज करा. त्यात 2026 मध्ये ब्रँडेड औषधालाही जास्तीत जास्त 12.65 डॉलर लागतात. न्यू जर्सीत पाड नावाची राज्याची योजनाही आहे, तिच्यात जेनेरिकला 5 आणि ब्रँडेडला 7 डॉलर. आम्ही उत्पन्नाच्या अटीत बसलो नाही. ओळखीतल्या एका काकूंना मात्र पाड मिळालं, आणि त्यांना पाच वर्षं त्याचा पत्ताच नव्हता.

योजनेचा मासिक प्रीमियम आणि डॉक्टरांच्या भेटीचा आपला वाटा वर्षाच्या त्या मर्यादेत धरत नाहीत. आणि हप्त्याचं बिल थकलं तर दोन महिन्यांच्या सवलतीनंतर फक्त हप्त्यांमधून काढतात, औषधांचा विमा जात नाही. प्रीमियम थकला तर मात्र विमाच जाऊ शकतो. एखाद्या महिन्यात ओढाताण असेल तर आधी प्रीमियम भरा.

2026 ला आम्ही तीच विमा योजना ठेवली, त्यामुळे हप्त्यांचं नूतनीकरण आपोआप झालं. योजना बदलली असती तर पुन्हा नाव नोंदवावं लागलं असतं. जानेवारीचं बिल 175 आलं. 2027 पासून मेडिकेअरने वाटाघाटीत ठरवलेली व्रायलारची किंमत लागू होणार आहे, महिन्याला 770 डॉलर. आमची मर्यादा तरीही गाठली जाईल असा माझा अंदाज आहे, फक्त काही महिने उशिरा.

एक गोष्ट मी उशिरा केली. विमा योजना फक्त सभासदाशी बोलते. डिसेंबरातल्या त्या दिवसांत हे फोनवर दोन मिनिटंही स्थिर बसत नव्हते, आणि मला प्रत्येक वेळी "त्यांना द्या" असं ऐकावं लागत होतं. एप्रिलमध्ये, हे शांत असताना, आम्ही दोघांनी बसून माझं नाव बोलण्याची परवानगी असलेली व्यक्ती म्हणून लेखी नोंदवलं. त्यासाठी योजनेचा एक फॉर्म असतो, त्यावर ह्यांची सही लागली. तुमचं माणूस बरं असताना तो भरून घ्या.