फ्लुव्हल प्लांट ३.० : पाच फुटी टँकवर सांजवेळ

पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. नागपुरात मनीषनगरच्या आमच्या हॉलची जवळपास निम्मी भिंत या माशांच्या टँकने अडवली आहे आणि त्यात पाणी मावतं साडेपाचशे लिटरच्या वर. एवढ्या टँकवर जो लाइट लावाल, तोच संध्याकाळी अख्ख्या हॉलचा लाइट होतो. म्हणून फ्लुव्हल कंपनीचा प्लांट ३.० हा एलईडी लाइट घेताना त्यात झाडं किती वाढतील हे मी नंतर बघितलं. आधी बघितलं ते एवढंच, की यातून मला सांजवेळ मिळेल का? पेंचच्या जंगलात दिवस कलल्यावर झाडीखालचं नाल्याचं पाणी तपकिरी, काळसर दिसू लागतं आणि मधेच एखादी उन्हाची तिरीप थेट तळापर्यंत जाते. तसं हवं होतं मला. आता उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर सांगते, मिळते.

आधी टँकवर ५४ वॅटच्या चार टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूब होत्या. ट्यूबचा उजेड सगळीकडे सारखा पडतो. मागची काच, फिल्टरचा पाइप, हीटरची वायर, सगळं लख्ख दिसायचं आणि मासे मात्र फिके. वरून झगझगीत उजेड आणि खाली पांढरी वाळू असली की मासा अंगावरचा रंग आवरून घेतो. त्याच्या त्वचेतल्या रंगपेशी भोवतालच्या उजेडाप्रमाणे बदलतात. लाइट बदलताना मी वाळूही काळसर केली आणि मागच्या काचेला काळा कागद लावला. मोठ्या टँकचा मूड निम्मा या अंधारातून येतो, हे माझं ठाम मत आहे. दुकानात गेल्यावर सगळे आधी वॅट विचारतात. उजेड किती कमी करता येतो, हे कोणी विचारत नाही.

या लाइटचा खरा गुण तोच. ४८ ते ६० इंचाच्या टँकसाठीचं मॉडेल ५९ वॅटचं आहे. त्यात पाच चॅनल आहेत: पिंक, निळा, कोल्ड व्हाइट, प्युअर व्हाइट आणि वॉर्म व्हाइट. फोनवरच्या अॅपमधून प्रत्येकाची टक्केवारी वेगळी ठेवता येते. सूर्योदय, दिवस, सूर्यास्त, रात्र असं चक्र एकदा बसवून दिलं की उजेड हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो. खटकन लाइट लागला की मासे घाबरून काचेवर धडकतात; तो प्रकार इथे पूर्ण थांबला.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, त्याचं गणित सोपं आहे. ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, ६५०० चा भर दुपारचा पांढरा आणि १०,००० च्या पुढे निळसर, जो समुद्री टँकवाल्यांना लागतो. गोड्या पाण्याच्या टँकवरही तो निळसर लाइट गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. त्यात ड्रिफ्टवूड, म्हणजे टँकमधलं वाळकं लाकूड, राखाडी दिसतं आणि हॉलला दवाखान्याची कळा येते. माझ्याकडे दुपारी प्युअर व्हाइट ५०, वॉर्म ६०, पिंक ४० असतं. साडेसहानंतर सगळं उतरत जाऊन वॉर्म ३०, पिंक २० आणि निळा फक्त ५ उरतो.

हे निळे ५ टक्के मी बरंच खालीवर करून ठरवले. कार्डिनल टेट्रा या छोट्या माशाची निळी पट्टी हा मुळात रंगच नाही. त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या बारीक स्फटिकांवरून परत येणारा तो उजेड आहे. म्हणून निळा अगदीच शून्यावर नेला की पट्टी मंदावते. पाचवर ठेवला की झुंड वळताना ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पेटत जाते आणि पिंकमुळे खालचं लाल पोट उठून दिसतं. पंधरावर नेलात तर पट्टी आणखी चमकते, पण टँकची ऊब जाते. मी तिथे बसून बघते तेव्हा मला पट्टीपेक्षा ती ऊब जास्त हवी असते.

एक गोष्ट या लाइटच्या पट्टीतून पुरेशी मिळत नाही आणि कुठल्याच लांब पट्टीतून मिळणार नाही: तळावर हलणारी उन्हाची जाळी. पाण्यावरची प्रत्येक लाट भिंगासारखी उजेड गोळा करते, पण त्यासाठी उजेड एका ठिपक्यातून यावा लागतो. पट्टीवर दिवे पुष्कळ, त्यामुळे सावल्या एकमेकींत मिसळून जातात. त्यावर उपाय म्हणून सीताबर्डीतून १० वॅटचा, ३००० केल्विनचा, अरुंद झोताचा साधा स्पॉटलाइट आणला आणि टँकच्या डावीकडे भिंतीवर उंच, तिरपा लावला. फिल्टरचं तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवलं म्हणजे लाटा बारीक राहतात. आता त्या झोतात जाळी ड्रिफ्टवूडवरून सरकत वाळूवर उतरते. एंजलफिश त्यातून गेला की त्याच्या काळ्या पट्ट्यांवरही ती क्षणभर उमटते. स्पॉट पाण्याच्या बरोबर वर टांगू नका, आणि वायरला प्लगच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात जाणार नाही.

आमचे सासरे संध्याकाळी टँकसमोरच बसतात. ट्यूब होत्या तेव्हा ते खुर्ची फिरवून घ्यायचे. परवा म्हणाले, "आता कसं डोयाले बरं वाटते पोरी. पहिले तं पाहवे नाही." बैठकीतली ट्यूबलाइट हल्ली तेच बंद करायला लावतात.

नागपूरकरांनी उन्हाचाही विचार करावा. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा गेला की टँकमधलं पाणी तापतंच, त्यात वरून लाइटची भर नको. हा लाइट उष्णता वरच्या अॅल्युमिनियमच्या अंगातून सोडतो, तेव्हा त्याला उघडा ठेवा. लाकडी हूडमध्ये कोंडू नका. पाण्यावर आडवा वारा देणारा छोटा पंखा उन्हाळ्यात लागतोच, आणि पाणी वाफ होऊन उडतं त्याची भर रोज घालावी लागते. बिलाचा हिशोब असा: चार ट्यूब रोज आठ तास म्हणजे महिन्याला ५२ युनिटच्या आसपास, हा पूर्ण ताकदीवर चालवला तरी १४. मी तर अर्ध्यावरच चालवते.

झाडांचं थोडक्यात. अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन एवढ्या उजेडात खुशाल राहतात. पाण्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकते. त्यांच्या अर्काने पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि उजेडातला निळा भाग वाटेतच शोषला जातो, त्यामुळे संध्याकाळ आणखी गडद होते. वर थोडी साल्व्हिनिया तरंगते, तिच्या फटींतून उजेड तुकड्या-तुकड्यांनी खाली येतो. ती रिंगणात अडवून ठेवावी लागते, नाहीतर आठवड्याभरात सगळा पृष्ठभाग झाकून टाकेल.

रात्री निळा २ टक्क्यांवर अर्धा तास, मग पूर्ण अंधार. माशांनाही रात्र लागते. वीज गेल्यावर एकदम काळोख होऊ नये म्हणून टँकजवळचा झिरोचा दिवा इन्व्हर्टरवर घेतला आहे.

पाच फुटांवर पट्टीची स्वतःची लांबी कमी पडते, त्यामुळे दोन्ही टोकांचे कोपरे मंद राहतात. मला ते फार आवडतं, मासे तिकडे विसाव्याला जातात. पण तळभर गवतासारखा गालिचा वाढवायचा असेल तर दोन फूट रुंदीला एक पट्टी पुरणार नाही, दोन घ्याव्या लागतील, आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही. अॅप ब्लूटूथवर चालतं, वाय-फायवर नाही, म्हणजे सेटिंग घरी असतानाच बदलता येतं. टँक तीन-साडेतीन फुटांचा असेल तर ४६ वॅटचं मॉडेल बघा. आणि काळा कागद टँक भिंतीला टेकवायच्या आधीच लावा. पाणी भरल्यावर मागे हात जात नाही.