माद्रिद ट्रेडमार्क सेवा: अर्ज एक, देश अनेक, पहारा मात्र आपला

आम्ही लहान मुलांची लाकडी खेळणी बनवतो. परदेशात आमच्याच नावाने बनावट खेळणी विकली जाताहेत हे कळलं, तेव्हा बुडणाऱ्या धंद्याआधी माझ्या डोक्यात आला तो त्यांवरचा रंग. मूल खेळणं तोंडात घालणार, त्या रंगात काय आहे कुणालाच माहीत नाही, आणि खोक्यावर नाव आमचं. म्हणून जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची माद्रिद सेवा घेतली.

आपल्या देशातला ट्रेडमार्कचा अर्ज किंवा नोंदणी हा पाया. त्यावर आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एक आंतरराष्ट्रीय अर्ज जातो आणि त्यात हवे ते सदस्य देश निवडता येतात. मूळ करार १८९१चा. आज १३०हून अधिक देश या व्यवस्थेच्या कक्षेत आहेत. शुल्क स्विस फ्रँकमध्ये, नूतनीकरण दर १० वर्षांनी एकाच ठिकाणी. अर्जाआधी संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस जरूर चाळा. तो मोफत आहे आणि लोगोचं चित्र टाकून मिळतीजुळती चिन्हं शोधता येतात. मला सगळ्यात आवडलेली सोय हीच.

मंजुरी मात्र प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने देतो. नकार कळवायला त्यांना १२ किंवा १८ महिने मिळतात. मुदतीत नकार आला नाही, तर संरक्षण लागू. नकार आलाच तर तिथला वकील गाठावा लागतो. शिवाय पहिली ५ वर्षं सगळा डोलारा मायदेशातल्या नोंदणीवर उभा असतो. ती रद्द झाली की आंतरराष्ट्रीय नोंदणीही तेवढ्यापुरती कोसळते. नंतर ३ महिन्यांत त्या त्या देशात स्वतंत्र अर्ज केला तर आंतरराष्ट्रीय नोंदणीची मूळ तारीख टिकते, पण खर्च नव्याने. घरची नोंदणी डळमळीत असेल, तर आधी ती भक्कम करा.

ट्रेडमार्क नावाला आणि चिन्हाला जपतो. नाव काढून कुणी नुसता खेळण्याचा आकार उचलला, तर ही नोंदणी सहसा कामी येत नाही. आकारासाठी डिझाइन नोंदणी हवी. अनेक देशांसाठी त्याची हेग प्रणाली वेगळी आहे. तिथे नावीन्य पाहिलं जातं, त्यामुळे वस्तू बाजारात आणण्याआधीच अर्ज केलेला बरा.

आणि ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र बंदरावरचा कंटेनर थांबवत नाही, हे मला प्रत्येक छोट्या उत्पादकाला ओरडून सांगावंसं वाटतं. त्यासाठी त्या देशाच्या कस्टम्सकडे वेगळा अर्ज करावा लागतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारानुसार सदस्य देशांना बनावट ट्रेडमार्कचा आयात माल अडवण्याची अशी सोय ठेवावीच लागते. माल अडवल्याचं कळल्यावर साधारणपणे १० कामकाजाच्या दिवसांत हक्कधारकाने कायदेशीर कारवाई सुरू केली नाही, तर तो सोडला जाऊ शकतो. म्हणून तिथला वकील आधीच ठरवून ठेवा. नुसतं लेबल खरवडून असा माल पुन्हा बाजारात सोडणंही, अपवाद वगळता, करारात पुरेसं मानलेलं नाही. माझ्यासाठी हे कलम लाखमोलाचं आहे, कारण लेबल काढल्याने तो रंग बदलत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एकाच परदेशात विकत असाल तर तिथे थेट अर्ज करणं सोपं पडेल. चार-पाच देश असतील तर माद्रिदच घ्या. कस्टम्सच्या अर्जाला खऱ्या आणि बनावट खोक्यांचे जवळून काढलेले फोटो आणि आपल्या अधिकृत आयातदारांची नावं जोडा. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला फरक ओळखायला त्यांचाच आधार असतो.